पाणबुड्या, त्यांचे सौदे आणि गोवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वास्कोत राहणाऱ्या माणसाला नौदलाची खडान्‌खडा माहिती असणार, असा सावंतवाडी-कोल्हापूरकडच्या पाहुण्यांचा ठाम समज असतो. मी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, नौदलात एक दिवसही नव्हतो. पण बायणेच्या गच्चीत संध्याकाळचा चहा घेताना दाबोळीहून राखाडी विमान डोक्यावरून गेलं की प्रश्न सुरू होतात आणि फिरून फिरून तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. इथलं सगळं जाहीर झालेलं आहे. गुपित हवं असेल तर पत्ता चुकला.

गोव्यात पाणबुड्यांचा तळ आहे का? किनाऱ्यावरून पाणबुडी दिसेल का?

नाही, आणि बहुधा नाही. पाणबुड्यांचे मोठे तळ मुंबई आणि विशाखापट्टणमला. आपल्या दक्षिणेला कारवारचा नाविक तळ आहे, तिथेही त्या असतात. गोव्याजवळचा समुद्र बराच आतपर्यंत उथळ. एवढ्या पाण्यात बुडी मारून फिरायची हौस कुठल्याच कप्तानाला नसते. मिरामारला पाण्यात काळी पाठ वर आली तर तो डॉल्फिन समजावा.

मग ते राखाडी विमान कसलं?

ते पी-८आय असेल, तर पाणबुड्या शोधणारं. अमेरिकेकडून अशी बारा घेतली. त्यांची दुसरी तुकडी मार्च २०२२ मध्ये इथे दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर सुरू झाली. त्याआधी हे काम रशियन आयएल-३८ करायची, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हे विमान समुद्रात छोटे तरंगते मायक्रोफोन टाकतं आणि वरून ऐकत बसतं.

यात एक मजा आहे. सुरुवातीची पी-८आय भारतात आली तेव्हा त्यांतली काही गुप्त संदेशयंत्रणा अमेरिकेने दिलीच नव्हती. कारण, भारताने त्यांच्या एका करारावर सही केलेली नव्हती. सही झाली सप्टेंबर २०१८ मध्ये. म्हणजे विमान आपलं, पैसे आपले, वैमानिक आपले, पण आतली एक पेटी दुसऱ्याच्या मर्जीवर. पुढच्या बहुतेक उत्तरांमध्ये हीच पेटी वेगवेगळ्या नावांनी येणार आहे.

पाणबुडी पाण्याखाली किती दिवस राहू शकते?

कुठली पाणबुडी, त्यावर आहे. अणुपाणबुडी आतल्या माणसांचा शिधा संपेपर्यंत राहते. आपल्याकडच्या बाकीच्या डिझेल-इलेक्ट्रिक आहेत, त्या बॅटरीवर चालतात.

कलवरी वर्गाचंच घ्या, म्हणजे फ्रेंच ‘स्कॉर्पीन’ आराखड्यावर माझगाव डॉकला बांधलेल्या आपल्या सहा पाणबुड्यांचं. लांबी साडेसदुसष्ट मीटर. पोटात बॅटरीचे ३६० सेल, एकेक साडेसातशे किलोचा. गुणाकार केला तर २७० टन होतात. शाळेत मुलांना हा गुणाकार घातला की वर्ग एकदम शांत व्हायचा. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी उचलताना ज्याची कंबर धरली आहे, त्याला हा आकडा नीट कळेल. या बॅटरीवर मोटर जवळजवळ आवाज न करता फिरते. पाण्याखाली ताशी वीस सागरी मैलांपर्यंत वेग घेता येतो, पण तसं दामटलं तर काही तासांत बॅटरी बसते. गोगलगाईच्या चालीने गेलं तर काही दिवस पुरते.

बॅटरी उतरली की पृष्ठभागाच्या अगदी खाली यायचं, एक नळी पाण्यावर काढायची, हवा आत ओढायची, डिझेल इंजिन सुरू करायचं आणि चार्जिंग करायचं. ही सगळ्यात धोक्याची घटका. नळी रडारवर दिसते, इंजिनाचा आवाज दूरवर जातो. हे वर येणं टाळण्यासाठी हवेशिवाय वीज करणारी यंत्रणा लागते. तिला एआयपी म्हणतात. ती असली की मुक्काम दोन आठवड्यांच्या आसपास जातो. आपल्या एकाही पाणबुडीवर ती अजून चालू नाही. आपली देशी एआयपी अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली आणि ती कलवरी वर्गात बसवण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला. पाकिस्तानच्या फ्रेंच बनावटीच्या अगोस्ता पाणबुड्यांवर एआयपी बऱ्याच वर्षांपासून आहे. हे ऐकून पाहुणे चहा खाली ठेवतात.

अणुपाणबुडी भारी की डिझेल?

लांब जायचं, वेगाने जायचं तर अणु. दबा धरून बसायचं तर बॅटरीवरची डिझेल, कारण अणुभट्टीचे पंप सहसा पूर्ण बंद करता येत नाहीत आणि त्यांची घरघर राहते. अरबी समुद्राच्या उथळ भागात लहान आणि मुकी पाणबुडीच जास्त त्रास देते.

एवढी यंत्रं असताना नोव्हेंबर २०२४ मध्ये पाणबुडी मासेमारी बोटीवर कशी आदळली?

हा प्रश्न खारीवाड्याच्या जेटीवर मला स्वतःला विचारला गेला, आणि विचारणारा तांडेल होता. २१ नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या वायव्येला सुमारे ७० सागरी मैलांवर ‘मार्थोमा’ ही बोट आणि नौदलाची स्कॉर्पीन वर्गातली पाणबुडी यांची टक्कर झाली. बोटीवर तेराजण होते. अकरा वाचले, दोघे गेले. चूक कोणाची, हे ठरवणं माझं काम नाही. पाण्याखाली ऐकू कसं येतं, एवढं मात्र सांगू शकतो.

पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट-साडेचारपट वेगाने जातो, सेकंदाला सुमारे १,५०० मीटर. पण तो सरळ जात नाही. ऊन वरच्या थराला तापवतं, खालचं पाणी थंड राहतं, आणि आवाज थंड पाण्याकडे वाकतो. त्यामुळे काही पट्ट्यांत आवाज पोचतच नाही, तिथे ध्वनीची सावली पडते. दुपारी ही सावली वाढते. पावसाळ्यानंतर मांडवी-जुवारीचं गोडं पाणी किनाऱ्याजवळ खाऱ्यावर पसरतं, तेव्हा आणखी एक थर. शिवाय लहान कोळंबीसारखे प्राणी आपल्या नांग्या फटाफट मिटून तव्यावर फोडणी तडतडावी असा आवाज दिवसभर करत असतात. त्यात शेकडो ट्रॉलरांची इंजिनं. खोलातून वर येताना कप्तान आजूबाजूचं ऐकतो, मग पेरिस्कोप काढून चहूकडे पाहतो. पण वर येण्याच्या त्या मधल्या काही मिनिटांत डोळे नसतात, फक्त कान. इंजिन बंद करून, जाळं टाकून वाहत असलेली बोट कानाला जवळजवळ नसतेच.

तांडेलाने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे सर, आम्ही बोंब मारत राहायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाणबुडी विकत घेणं म्हणजे नक्की काय घेणं?

गाडी घेण्यासारखा हा व्यवहार मुळीच नाही. ही सोयरीक असते. पाणबुडी तीस वर्षं चालते आणि तीस वर्षं सुटे भाग, दारूगोळा, दुरुस्तीचे नकाशे, सॉफ्टवेअर यांसाठी व्याह्यांच्या दारात उभं राहावं लागतं. व्याह्यांचं घर बदललं, सरकार पडलं, शेजाऱ्याशी भांडण झालं, की इकडे आपली पाणबुडी गोदीत पडून.

उदाहरण लांबचं नको. ११ डिसेंबर १९८१ ला जर्मनीच्या एचडीडब्ल्यू या जहाजबांधणी कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन जर्मनीतल्या कीलला, दोन मुंबईत माझगाव डॉकला बांधायच्या. माझगावच्या वेल्डरांना कीलला पाठवून शिकवलं. पाणबुडीच्या कवचाचं वेल्डिंग म्हणजे एका केसाएवढी फट राहिली तरी खोलात गेल्यावर जीव जायचा. १९८७ मध्ये दलालीचे आरोप झाले, चौकशी लागली, व्ही. पी. सिंग संरक्षणमंत्रिपदावरून गेले आणि राजकारण ढवळून निघालं. पुढच्या दोन पाणबुड्यांचा विचार बारगळला. मुंबईत बांधलेली शंकुल १९९४ मध्ये दाखल झाली आणि त्यानंतरची भारतात बांधलेली डिझेल पाणबुडी, कलवरी, थेट १४ डिसेंबर २०१७ ला. तेवीस वर्षं. शिकलेले वेल्डर तोवर निवृत्त होऊन गावी गेले. दलाली कोणी खाल्ली, हे कोर्टात सिद्ध झालं नाही. गेली ती कारागिरी, आणि ती पुन्हा पहिल्यापासून फ्रेंचांकडून शिकावी लागली.

गंमत म्हणजे नव्या सहा पाणबुड्यांसाठी माझगाव डॉकच्या शेजारी वाटाघाटीला जी जर्मन कंपनी बसली आहे, ती त्याच एचडीडब्ल्यूची वारसदार. मोडलेलं लग्न चाळीस वर्षांनी पुन्हा जुळवण्याची बैठक.

कलवरीकडे धड टॉर्पेडोच नाहीत, हे खरं का?

अर्धं खरं. या सहा पाणबुड्यांसाठी इटलीचे ‘ब्लॅक शार्क’ टॉर्पेडो निवडले होते. ते बनवणारी कंपनी फिनमेक्कानिका समूहातली, आणि त्याच समूहातली दुसरी कंपनी व्हीआयपी हेलिकॉप्टर प्रकरणात अडकली. मग टॉर्पेडोचा सौदाही रद्द. एक भाऊ पकडला गेला म्हणून दुसऱ्याचं दुकान बंद. भ्रष्टाचाराला चाप बसायलाच हवा, यात वाद नाही, पण शिक्षा नेमकी कोणाला झाली ते बघा. कलवरी आणि तिच्या बहिणी ऐंशीच्या दशकातल्या जर्मन टॉर्पेडोंवर दाखल झाल्या. शत्रूच्या जहाजावर मारायला एक्झोसे क्षेपणास्त्रं आहेत, त्यामुळे त्या निःशस्त्र नव्हत्या. आता देशी जड टॉर्पेडो बसवायचं काम फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपला सुमारे ८७७ कोटींना दिलं आहे. म्हणजे टॉर्पेडो आपला, बसवायला व्याही.

स्कॉर्पीनची कागदपत्रं फुटली होती ना?

हो. ऑगस्ट २०१६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्राने २२,४०० पानांच्या फुटीची बातमी दिली. भारताच्या स्कॉर्पीनविषयीची ती कागदं होती. तेव्हा संरक्षणमंत्री आपले मनोहर पर्रीकर होते, त्यांनी नौदलाला तपासायला सांगितलं. बातमी ऑस्ट्रेलियातच का आली? त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने बारा पाणबुड्यांसाठी स्कॉर्पीनच्याच फ्रेंच कंपनीला निवडलं होतं आणि हरलेले स्पर्धक नाराज होते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ऑस्ट्रेलिया-फ्रान्सचं काय बिनसलं?

सप्टेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने तो सौदा मोडला आणि अमेरिका-ब्रिटनबरोबर ऑकस करार करून अणुपाणबुड्यांकडे वळला. फ्रान्सने ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका, दोन्ही देशांतून राजदूत माघारी बोलावले. मित्राने मित्राच्या राजधानीतून राजदूत बोलवावा, हे दुर्मीळ. शेवटी जून २०२२ मध्ये ५५ कोटी ५० लाख युरो देऊन तडजोड झाली. एकही पाणबुडी न मिळता.

आपल्याला अणुपाणबुडी विकत का मिळत नाही?

आजवर कोणीच कोणाला सरळ विकलेली नाही. सोव्हिएत संघाने, नंतर रशियाने आपल्याला भाड्याने दिली: पहिली चक्र १९८८ ते १९९१, दुसरी २०१२ ते २०२१. भाड्याच्या घरात खिळा ठोकायलाही मालकाला विचारावं लागतं. तिच्यावर अण्वस्त्रं ठेवायची मुभा नव्हती. तरी शिकायला मिळालं, आणि ती शिकवण अरिहंत (२०१६) आणि अरिघात (ऑगस्ट २०२४) या आपल्या अणुपाणबुड्या बांधताना उपयोगी पडली.

विकणारा देश मध्येच ‘नाही’ कसा म्हणू शकतो?

कागदावर लिहिलेलं असतं. माल कोण वापरणार, कुठे वापरणार, तिसऱ्याला देणार नाही, असं प्रमाणपत्र घेणाऱ्याला द्यावं लागतं. आणि एका यंत्रात दहा देशांचे भाग असतात. दहांपैकी एकाने हात आखडला की सगळं थांबतं. थायलंडने २०१७ मध्ये चीनकडून एक पाणबुडी मागवली. इंजिन जर्मन असणार होतं. युरोपने १९८९ पासून चीनवर शस्त्रबंदी लावलेली, म्हणून जर्मनीने इंजिन द्यायला नकार दिला. पाणबुडी चीनची, गिऱ्हाईक थायलंडचं, आणि अडवणारा जर्मनी. काम वर्षानुवर्षं रखडलं.

गोवा शिपयार्डशी याचा काय संबंध?

फार जवळचा, आणि हे उत्तर मी जरा लांबवणार आहे, कारण भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. पोर्तुगीजांनी १९५७ मध्ये हा कारखाना काढला. पाणबुड्या तो बांधत नाही. जानेवारी २०१९ मध्ये त्याला दोन फ्रिगेट, म्हणजे मधल्या आकाराच्या युद्धनौका, बांधायचं काम मिळालं, रशियन आराखड्याच्या. त्रिपुत २३ जुलै २०२४ ला पाण्यात उतरली, तवस्य २२ मार्च २०२५ ला.

आराखडा रशियाचा, पण इंजिनं युक्रेनच्या मिकोलाईव्ह शहरातल्या कारखान्याची. २०१४ नंतर युक्रेनने रशियाला इंजिनं विकणं बंद केलं. याच वर्गाच्या आणखी दोन फ्रिगेट भारतासाठी रशियातल्या कालिनिनग्राडला बांधल्या जात होत्या, त्यांनाही तीच इंजिनं. मग काय? भारताने युक्रेनकडून इंजिनं घेतली आणि रशियाला नेऊन दिली. भांडणाऱ्या दोन जावांच्या मधोमध उभं राहून डबा इकडून तिकडे करणाऱ्या सुनेसारखं. त्या दोन, तुशिल आणि तमाल, डिसेंबर २०२४ आणि जुलै २०२५ मध्ये नौदलात आल्या. इतकं सगळं होऊन काम तडीस गेलं, याचं श्रेय ज्यांनी फायली हलवल्या त्यांना द्यायला हवं.

याच गोदीची एक हुकलेली गोष्टही आहे. समुद्रातले सुरुंग काढणारी बारा जहाजं इथे बांधायची होती, कोरियन कंपनीच्या मदतीने, ३२ हजार कोटींच्या घरातलं काम. मध्यस्थांच्या आरोपावरून आधीची निविदा २०१४ मध्ये रद्द झाली. पर्रीकरांच्या काळात काम गोव्याकडे वळलं, पण वाटाघाटी फिसकटल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये सगळं गुंडाळलं गेलं. नौदलाचं शेवटचं सुरुंगशोधक जहाज एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झालं. पाणबुडीने बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरले तर साफ कोण करणार, याचा विचार मुरगावच्या माणसाने तरी करावा. वास्कोतल्या कितीतरी घरांनी त्या कामाच्या भरवशावर मुलांना आयटीआयला घातलं होतं.

१९७१ मध्ये पाणबुड्यांनी काय केलं?

दोन नावं: गाझी आणि हंगोर. विशाखापट्टणमजवळ बुडालेली पाकिस्तानची गाझी मूळची अमेरिकेची, दुसऱ्या महायुद्धातली, कम्युनिस्टांविरुद्धचा मित्र म्हणून पाकिस्तानला वापरायला दिलेली. ९ डिसेंबरला दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली ती हंगोरने, बनावट फ्रान्सची. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. आज आपल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या त्याच फ्रान्सच्या आराखड्यावर बांधलेल्या आहेत. विकणाऱ्याला याचं काही वाटत नाही, आणि वाटून घेणं त्याला परवडतही नाही.

पोर्तुगीज काळात गोव्यात पाणबुड्यांचा काही संबंध होता का?

होता, तोही नाटकी. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे जर्मनीची ‘एहरेनफेल्स’ आणि आणखी काही जहाजं मुरगावात आसरा घेऊन पडली होती. त्यांतल्या एकावरून ब्रिटिश जहाजांच्या वाटा जर्मन पाणबुड्यांना रेडिओवर कळवल्या जातात, असा ब्रिटिशांचा संशय. तटस्थ बंदरात सैन्य घालता येईना, म्हणून कलकत्त्याचे पोट सुटलेले, चाळिशी ओलांडलेले हौशी घोडेस्वार एका बार्जवर बसून आले आणि मार्च १९४३ मध्ये रात्री जहाजावर चढले. जर्मनांनी आपली जहाजं स्वतःच बुडवली.

१९६१ च्या मुक्तीच्या वेळी मात्र पोर्तुगीजांकडे मुरगावात अफोन्सो द अल्बुकर्क ही एकच लढाऊ नौका, आणि आपल्याकडे तर एकही पाणबुडी नव्हती. पहिली कलवरी, सोव्हिएत बनावटीची, ८ डिसेंबर १९६७ ला आली. तो दिवस नौदल अजून पाणबुडी दिन म्हणून पाळतं. आणि हो, पुढे पोर्तुगालनेही जर्मन पाणबुड्या घेतल्या. तो सौदा आणि ग्रीसचा, या दोन्हींतल्या लाचेबद्दल फेरोस्टाल कंपनीला जर्मन न्यायालयाने २०११ मध्ये सुमारे १४ कोटी युरोंचा दंड केला.

भारत स्वतः पाणबुड्या विकतो का?

बांधून विकलेली नाही. २०२० मध्ये आपली जुनी सिंधुवीर म्यानमारला दिली. चीनने बांगलादेशला दोन जुन्या पाणबुड्या दिल्या होत्या, त्यामुळे शेजारात हालचाल सुरू झाली होती. काही महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली. त्याच वर्षाअखेर चीननेही त्यांना एक पाणबुडी दिली. म्हणजे अंगणात दोन्हीकडची वाणं येऊन पडली आणि घर मात्र लष्कराच्या हाती.

बाकी शस्त्रांची निर्यात वाढली आहे. २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी होती, २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी. फिलिपिन्सला ब्राह्मोस गेलं. आपल्या वास्कोतून श्रीलंकेला सयुराला आणि सिंदुराला या गस्तीनौका गेल्या, मॉरिशसलाही गस्तीनौका गेल्या. २०१४ मध्ये चिनी पाणबुडी कोलंबोला येऊन गेली होती, हे ध्यानात घेतलं की श्रीलंकेला नौका विकण्यामागे निव्वळ धंदा नव्हता हे कळतं.

मला विचाराल तर गस्तीनौका विकताना झोप उडत नाही. चाचे, तस्कर, बुडणारे मच्छिमार, यांच्यासाठीच ती जास्त वापरली जाते. पाणबुडीचं तसं नाही. तिला लढाईखेरीज दुसरं कामच नाही. शस्त्रव्यापारावरचा संयुक्त राष्ट्रांचा करार २०१३ मध्ये मतदानाला आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. तो करार विकणाऱ्यांना झुकतं माप देतो, अशी तक्रार होती. तेव्हा आपण मुख्यतः घेणारे होतो. आता दुकान आपणही थाटलं आहे, तर तीच तक्रार पुन्हा वाचून बघायला हरकत नाही.

कलवरीची बहीण ‘खांदेरी’, हे नाव कुठून?

अलिबागजवळच्या बेटावर शिवाजी महाराजांनी बांधलेल्या किल्ल्यावरून. बहुतेक बहिणी माशांच्या नावाच्या.

पाणबुडी आतून बघायला कुठे मिळेल?

बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात शोधू नका, तिथे विमानं आहेत. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर आयएनएस कुरसुरा ही जुनी सोव्हिएत पाणबुडी वाळूवर ओढून संग्रहालय केली आहे. एका टोकाने आत शिरायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर. मधली दारं गोल आणि बुटकी, एकेक पाय उचलून आत टाकावा लागतो. टॉर्पेडोंच्या शेजारीच बाकडी टांगलेली, त्यांवर माणसं पाळीपाळीने झोपायची. एक उठला की दुसरा त्याच ऊबदार जागेत. तेल, लोखंड आणि जुन्या रंगाचा वास अजून आहे. मी दोनदा डोकं आपटलं. नातू एकदाही नाही.